इंजिन सुरू का होईना? राइटबंधूंपासून माझ्या लॅपटॉपपर्यंत

आजचा भाग पाचाडहून रेकॉर्ड केलाय, त्यामुळे मागे कोंबडा आरवला तर सांभाळून घ्या. वर्क फ्रॉम होम घेऊन घरी आलोय. खिडकीतून समोर रायगड दिसतो. रात्री लॅपटॉप उघडला की मी फ्लाइट सिम्युलेटरमध्ये सेसना १७२ घेऊन याच गडाभोवती घिरट्या घालतो. तीन वर्षं झाली. आपल्याला विमानातलं बऱ्यापैकी कळतं असा माझा समज होता.

मग एप्रिलमध्ये एका दुपारी मामेबहिणीचा फोन आला. ती पायलट होण्याचं ट्रेनिंग घेतेय. आपल्याकडे कमर्शियल लायसन्ससाठी २०० तास उड्डाण लागतं, आणि त्यातला प्रत्येक तास मामाने काढलेल्या कर्जातून जातो. ती रडवेली झाली होती. सकाळचं उड्डाण छान झालं, इंजिन बंद केलं, वीस मिनिटांनी पुन्हा सुरू करायला गेली तर होईचना. सकाळी केलेलं तेच सगळं तिने परत केलं. शेवटी बॅटरी बसली आणि उड्डाण रद्द.

"दादा, मला नाही जमणार बहुतेक. तुझ्या सिम्युलेटरवर दाखव ना, मी काय चुकले ते."

आणि मी गप्प. कारण तीन वर्षांत मी एकदाही इंजिन हाताने सुरू केलं नव्हतं. कीबोर्डवर कंट्रोल आणि ई दाबायचं, पंखा आपोआप फिरायला लागतो. बस्स.

त्या रात्री शोधायला बसलो, आणि हा भाग त्यातूनच झाला.

सुरुवात १९०३ पासून करू. राइटबंधूंच्या इंजिनाला आपल्या ओळखीचा कार्बुरेटर नव्हता. पेट्रोल वरून एका उथळ कप्प्यात पडायचं, इंजिनाच्या उष्णतेने त्याची वाफ व्हायची आणि ती हवेबरोबर आत जायची. तीनच वर्षांनी, १९०६ मध्ये, पॅरिसमध्ये सांतोस-द्युमाँ उडाला. त्याच्या आंत्वानेत इंजिनात तर पेट्रोल पंपाने थेट ढकललं जायचं. म्हणजे फ्युएल इंजेक्शन ही आजकालची गोष्ट नाही, ती जवळजवळ विमानाइतकीच जुनी आहे. पण ती यंत्रणा नाजूक होती. पुढची कित्येक वर्षं राज्य केलं ते साध्या, स्वस्त कार्बुरेटरने.

आपल्याकडची गोष्ट घ्या. १५ ऑक्टोबर १९३२. जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले, अहमदाबादला थांबले आणि मुंबईत जुहूला उतरले. विमान पस मॉथ, इंजिन १२० अश्वशक्तीचं, कार्बुरेटरवालं. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले. म्हणजे बघा, टाटांच्या हवाई टपालाच्या पहिल्याच दिवशी तापलेलं इंजिन बंद करून पुन्हा सुरू करण्याचं काम आलंच होतं.

कार्बुरेटरमध्ये दोन खोट्या होत्या. एक, पेट्रोलची वाफ होताना आत इतका गारवा तयार होतो की बाहेर २० अंश असलं तरी दमट हवेत बर्फ धरू शकतो आणि इंजिन गुदमरतं. दोन, त्यातलं पेट्रोल एका छोट्या वाटीत तरंगत्या फ्लोटच्या भरवशावर असतं. विमानाने झटकन नाक खाली घातलं की ते वाटीतच वर उसळतं. १९४० मध्ये ब्रिटिश स्पिटफायरचं मर्लिन इंजिन नेमकं इथेच मार खायचं. समोरच्या जर्मन मेसरश्मिटमध्ये इंजेक्शन होतं. तो सरळ नाक खाली करून सटकायचा, मागच्या ब्रिटिश पायलटचं इंजिन मात्र ठसकायचं. यावर तोडगा काढला बीट्रिस शिलिंग नावाच्या इंजिनिअर बाईंनी. पेट्रोलच्या वाटेत बसवायची भोकाची एक छोटीशी चकती! १९४१ मध्ये ती विमानांना बसली आणि पुष्कळ जीव वाचले.

आता आपल्या सेसनाकडे येऊ. १७२ बनायला लागलं १९५६ मध्ये. १९८६ मध्ये उत्पादन थांबलं. १९९६ मध्ये पुन्हा सुरू झालं तेव्हा त्यात इंजेक्शनचं लायकमिंग इंजिन आलं. कार्बुरेटरच्या बर्फाची कटकट संपली, पण इंजिन सुरू करायची पद्धत उलटी झाली.

कशी ते ऐका. कॉकपिटमध्ये एक लाल नॉब असतो, त्याला मिक्स्चर म्हणतात. आत ढकलला की पेट्रोल सुरू, पूर्ण बाहेर ओढला की बंद. गार इंजिन असेल तर थ्रॉटल पाव इंच उघडायचा, पेट्रोलचा पंप लावायचा, लाल नॉब पूर्ण आत. काटा स्थिर होईपर्यंत तीन ते पाच सेकंद थांबायचं. मग नॉब परत बाहेर, पंप बंद. आणि आता, पेट्रोल बंद असताना, स्टार्टर मारायचा! इंजिनाने पेट घेतला की नॉब हळूहळू आत. ३० सेकंदांत ऑइलचा काटा हिरव्यात आला नाही तर इंजिन बंद.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही चूकच वाटली. पेट्रोल बंद करून इंजिन सुरू? पण त्या पाच सेकंदांत लागेल तेवढं पेट्रोल आधीच आत गेलेलं असतं. त्याहून जास्त गेलं तर ते भिजतं.

आता गरम इंजिन. या इंजिनात पेट्रोल वाटणारा भाग आणि चार सिलिंडरकडे जाणाऱ्या बारीक नळ्या इंजिनाच्या डोक्यावर असतात. उडताना वारा लागतो, सगळं गार राहतं. जमिनीवर इंजिन बंद केलं की वारा थांबतो, खालची धग वर चढते आणि नळ्यांतलं पेट्रोल उकळतं. नळीत उरते वाफ. पेट्रोल आत झिरपलेलंही असतं. त्यात तुम्ही पुन्हा पंप लावून पाच सेकंद पेट्रोल ढकललंत की इंजिन भिजलंच. म्हणून गरम इंजिनाला ती पाच सेकंदांची पायरी गाळायची. आणि भिजलंच असेल तर नॉब बाहेर, थ्रॉटल अर्ध्याहून जास्त उघडा, स्टार्टर मारा, पेटलं की नॉब आत आणि थ्रॉटल लगेच मागे. स्टार्टर सलग दहा सेकंदांच्या वर फिरवायचा नाही, मध्ये गार होऊ द्यायचा.

बहिणीची चूक सापडली. तिने गार इंजिनाची पद्धत गरम इंजिनाला लावली. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर कमांड बरोबर, स्टेट वेगळी.

हे सगळं मी मोठ्याने वाचत होतो. ओटीवरून बाबा म्हणाले, "हवा धरली म्हण की." आमच्या विहिरीवरच्या डिझेल इंजिनाची टाकी रिकामी झाली की नळीत हवा शिरते. मग कितीही हँडल मारा. बाबा नळीचा नट जरा ढिला करतात, बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू देतात, नट आवळतात. तिथे टाकी रिकामी झाल्याने हवा, इथे धगीने वाफ. कारण वेगळं, पण नळीत जिथे पातळ हवं तिथे वारा भरलाय हे दुखणं एकच. मी तीन वर्षं विमान उडवत होतो आणि बाबांना ते एका वाक्यात कळलं!

सिम्युलेटरचा जन्मही असाच कारखान्यातला. अमेरिकेत एडविन लिंकच्या वडिलांचा ऑर्गन बनवायचा कारखाना होता. पायपेटीसारखे भाते वापरून त्याने १९२९ मध्ये जमिनीवरच डुलणारं खोटं विमान केलं. फ्लाइंग स्कूलवाल्यांनी फारसं विचारलं नाही. ते जत्रेतल्या पाळण्यासारखं करमणुकीच्या बागांत विकलं गेलं. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराने टपाल वाहायला घेतलं, खराब हवेत दहाहून जास्त वैमानिक मेले, तेव्हा कुठे लष्कराने सहा यंत्रं विकत घेतली. चूक करायची तर जमिनीवर करावी, एवढाच त्या यंत्राचा अर्थ.

आणि मी मात्र चुकायची सोयच बटण दाबून घालवली होती.

त्या रविवारी आम्ही स्क्रीन शेअर करून बसलो. माझ्या सिम्युलेटरमधल्या विमानात ती वाफ होतच नाही, गार असो की गरम, ते सारखंच सुरू होतं. त्यामुळे वाफ डोक्यात आणावी लागली. मी विचारायचो, "इंजिन गार, गरम की भिजलेलं?" ती उत्तर द्यायची आणि हात कुठे जाणार ते मोठ्याने सांगायची. पस्तीस-चाळीस वेळा केलं. शेवटी ती मला चिडून म्हणाली, "दादा, आता तू सांग." मी दोनदा चुकलो.

तिचं पुढचं उड्डाण मंगळवारी होतं. दुपारी एका ओळीचा मेसेज आला, "गरम होतं. पंप नाही लावला."

तर मंडळी, या आठवड्यात कंट्रोल ई बंद. हाताने सुरू करून बघा, आणि नाही झालं तर का नाही झालं ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात!