अमेरिकेतील दंतसहायकांचे प्रमाणन व परवाने

दंतसहायक (डेंटल असिस्टंट) म्हणजे दंतवैद्याला उपचारादरम्यान मदत करणारा प्रशिक्षित कर्मचारी होय. उपकरणे हाती देणे, लाळ व पाणी शोषून घेणे, साहित्याचे निर्जंतुकीकरण, दातांचे साचे घेणे आणि क्ष-किरण प्रतिमा काढणे ही त्याची प्रमुख कामे आहेत. अमेरिकेत या व्यवसायासाठी देशव्यापी परवाना अस्तित्वात नाही. कोणते काम कोणी करावे, हे प्रत्येक राज्याचा दंतवैद्यक कायदा व राज्य दंतमंडळ ठरवते.

इतिहास

न्यू ऑर्लिन्स येथील दंतवैद्य एडमंड केल्स यांनी १८८५ च्या सुमारास आपल्या दवाखान्यात महिला सहायक नेमली. एकट्याने दवाखान्यात येण्यास संकोचणाऱ्या स्त्री-रुग्णांना तिच्या उपस्थितीमुळे धीर मिळत असे. ज्युलिएट साउथर्ड यांच्या पुढाकाराने १९२४ मध्ये अमेरिकन डेंटल असिस्टंट्स असोसिएशन ही संघटना स्थापन झाली. परीक्षा व प्रमाणनाचे काम पाहणारे डेंटल असिस्टिंग नॅशनल बोर्ड (डॅनबी) १९४८ पासून कार्यरत आहे.

प्रमाणपत्र आणि परवाना

या दोन संज्ञांची अनेकदा गल्लत होते. प्रमाणपत्र बिगर-सरकारी संस्था देते व ते ज्ञानाची पावती असते. परवाना किंवा नोंदणी राज्याकडून मिळते व त्यामुळे विशिष्ट काम करण्याचा कायदेशीर अधिकार प्राप्त होतो. राज्याने मान्यता दिली असेल तरच प्रमाणपत्राला कायदेशीर महत्त्व येते. अधिकाराबाहेरचे काम करवून घेतल्यास रुग्णाची सुरक्षितता धोक्यात येते आणि पर्यवेक्षक दंतवैद्यावरही कारवाई होऊ शकते.

राष्ट्रीय प्रमाणन

डॅनबीच्या 'सर्टिफाइड डेंटल असिस्टंट' (सीडीए) या प्रमाणपत्रासाठी पुढील तीन घटकांची परीक्षा असते:

• रुग्णखुर्चीजवळील साहाय्य
• किरणोत्सर्ग आरोग्य व सुरक्षा
• संसर्ग नियंत्रण

मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण केलेले उमेदवार परीक्षेस पात्र ठरतात. अशा अभ्यासक्रमात किमान ९०० तासांचे शिक्षण आवश्यक असून त्यांपैकी ३०० तास प्रत्यक्ष रुग्णसेवेचे असतात. अभ्यासक्रम न केलेल्या, परंतु शालेय शिक्षण पूर्ण केलेल्या उमेदवारांना ३,५०० तासांच्या कामाच्या अनुभवावर परीक्षा देता येते. सीपीआरचे वैध प्रशिक्षणही आवश्यक असते. प्रमाणपत्राचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते.

राज्यनिहाय नियम

काही राज्यांत सहायकाला दवाखान्यातच काम शिकून साहाय्य करता येते. कॅलिफोर्नियात साध्या सहायकाबरोबरच परवानाधारक 'नोंदणीकृत दंतसहायक' आणि वाढीव कार्यांचा परवाना असलेला सहायक अशा श्रेणी आहेत. टेक्सासमध्ये क्ष-किरण प्रतिमा काढण्यासाठी राज्य मंडळाकडे नोंदणी करावी लागते. मिनेसोटातही परवानाधारक सहायकाची स्वतंत्र श्रेणी आहे. त्यामुळे एका राज्यात वर्षानुवर्षे कायदेशीरपणे केलेले काम दुसऱ्या राज्यात गेल्यावर नव्या पात्रतेशिवाय करता येईलच असे नाही. रोगनिदान, उपचारयोजना व औषधे लिहून देणे ही कामे मात्र सहायकाच्या कक्षेबाहेर राहतात.

क्ष-किरणांबाबत १९८१ च्या संघीय कायद्याने राज्यांना किमान निकष सुचवले, परंतु ते स्वीकारण्याची सक्ती केली नाही. याउलट, रक्तजन्य रोगजंतूंविषयीचे १९९१ चे संघीय मानक रोजगारदात्यांवर बंधनकारक आहे. रक्ताशी संपर्काची शक्यता असलेल्या कर्मचाऱ्यांना वार्षिक प्रशिक्षण देणे आणि हिपॅटायटिस-बी लस विनामूल्य देऊ करणे त्यात अनिवार्य आहे.

इतर देशांत

युनायटेड किंग्डममध्ये या कर्मचाऱ्यांना 'डेंटल नर्स' म्हणतात. २००८ पासून जनरल डेंटल कौन्सिलकडे त्यांची नोंदणी सक्तीची आहे. भारतात दंतवैद्यक अधिनियम, १९४८ मध्ये दंतवैद्यांखेरीज डेंटल हायजिनिस्ट व डेंटल मेकॅनिक यांच्या नोंदणीची तरतूद करण्यात आली. दंतसहायकांसाठी त्यात स्वतंत्र नोंदवही नव्हती.