उपवासाचा आलू

बेलारूसमध्ये बटाट्याला ‘बुल्बा’ म्हणतात आणि त्याच्या कच्च्या किसाच्या धिरड्यांना ‘द्रानिकी’. किसणे या क्रियापदावरून पडलेलं नाव. त्यातला कांदा आणि अंडं काढा, आपलं एकादशीचं थालीपीठ तयार!

अहेरीकडे मात्र बोलताना ‘बटाटा’ नसतो, ‘आलू’ असतो. पुण्यात असं म्हटलं की लगेच ‘मराठी नीट बोल’ ऐकावं लागतं. आता गंमत बघा. ‘बटाटा’ पोर्तुगीजांनी आणला, तोही कॅरिबियन बेटांवरून उचललेला, मूळ अर्थ रताळं! ‘आलु’ हा कंदासाठीचा जुना संस्कृत शब्द. विदर्भ १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, कारभारात हिंदी होती, म्हणून उत्तरेचा शब्द इथे रुळला असावा. मग अशुद्ध कोण?

तीच गत उपवासाची. बटाटा, शेंगदाणे, मिरची, साबुदाण्याचा टॅपिओका, सगळे अमेरिका खंडातले. कोलंबसाआधी, म्हणजे १४९२ पूर्वी, आपल्या एकाही पूर्वजाने हे थालीपीठ खाल्लेलं नाही. भगर आणि जिरं तेवढं जुनं. तांदूळ आपला, तर तो उपवासाला चालत नाही!

असो. काही जण उकडलेला आलू घेतात, मी कच्चाच किसतो. कीस घट्ट पिळायचा, पण पाणी फेकायचं नाही. दहा मिनिटांत तळाशी पांढरा साका बसतो. तो परत किसात घालायचा, भगरीचं पीठ कमी लागतं. मग दाण्याचा कूट, मिरची, जिरं, सैंधव. मंद आचेवर, झाकण ठेवून.