देवराईचा राखणदार

सुट्टींत आमच्या घरीं आलेला एक मुलगा हातांतील यंत्रावर खेळत बसला असतां आम्हीं सहज डोकावून पाहिलें. नानाविध विचित्र प्राणी पकडावे, पाळावे आणि त्यांच्या झुंजी लावाव्या, असा तो जपानी खेळ. १९९६ सालीं जपानांत निघालेला हा 'पोकेमॉन' आज घरोघर पोहोंचला आहे. त्याच्या २०१६ सालच्या 'सन' व 'मून' ह्या आवृत्त्यांत 'तापू बुलू' नांवाचा एका बेटाचा राखणदार देव आहे. त्याच्या इच्छेनें झाडेंझुडपें भराभर वाढतात. आणि तो कोपला म्हणजे मोठाले वृक्ष मुळासकट उपटून शत्रूवर गरगर फिरवितो. मुलानें मान वर करून विचारलें, "काका, असला देव खरोखर कुठें असतो का हो?"

तीस वर्षें महाविद्यालयांत शिकविण्यांत गेलेल्या मनुष्याच्या तोंडीं अशा प्रश्नाचें उत्तर तयारच असतें. परंतु 'नाहीं' हा शब्द ओठांवर आला असतांच आमच्या मनांत आलें कीं, कोल्हापुराहून निघून राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड ह्यांपैकीं कोणत्याही तालुक्यांत शिरलें, तर एखाद्या देवराईच्या कडेला उभा असलेला वृद्ध गुरव ह्या प्रश्नाचें उत्तर आमच्याहून निराळें देईल; आणि त्याच्या उत्तरामागें कित्येक शतकांचा अनुभव असेल. त्या मुलाला तत्काळ जें सांगतां आलें नाहीं, तें येथें वाचकांपुढें मांडीत आहों.

प्रथम त्या नांवाचाच विचार करूं. 'तापू' हा शब्द पॉलिनेशियन भाषांतील आहे. कॅप्टन कुक ह्यानें १७७७ सालीं टोंगा बेटांवर तो ऐकला आणि तो इंग्रजींत रूढ झाला. पवित्र आणि निषिद्ध असे दोन्ही अर्थ त्या एकाच शब्दांत आहेत. जें देवाचें आहे त्याला मनुष्यानें हात लावावयाचा नाहीं, हा त्याचा आशय. आमच्या खेड्यांतील माणसाला हा अर्थ समजावून सांगण्यास कोशाची गरज पडणार नाहीं. "ही राई देवाची आहे" एवढें तो म्हणाला म्हणजे ती पवित्र आहे आणि तेथें कुऱ्हाड चालवावयाची नाहीं, ह्या दोन्ही गोष्टी त्यांत आल्या.

वनाला राखणदार असतो ही कल्पना मनुष्यजातीइतकी नसली तरी लेखनविद्येइतकी जुनी खास आहे. गिल्गामेशाच्या बाबिलोनी महाकाव्यांत देवदारवनाचा रक्षक हुंबाबा आहे. मनुष्यांस भय वाटावें म्हणूनच एन्लिल देवानें त्याला तेथें नेमिलें. गिल्गामेश व एन्किदू हे त्याला ठार करितात आणि वन तोडतात. इराकांतील सुलेमानिया येथील संग्रहालयाला २०११ सालीं मिळालेल्या व २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मृत्तिकाफलकानें ह्या कथेला नवीन ओळी जोडल्या. त्यांत वनांतील पक्षी व माकडें आपल्या आवाजांनीं हुंबाबाची करमणूक करितात. आणि पुढें वन उजाड झाल्यावर एन्किदूच्या मनाला केल्या कृत्याची टोंचणी लागते. राक्षस म्हणून ज्याला मारिलें तो वास्तविक वनाचा यजमान होता, हें वीरांना उशिरां कळलें.

आमच्याकडील कथांत क्रौर्यापेक्षां करुणा अधिक आहे. भद्दसाल जातकांत काशीच्या राजाला एकखांबी प्रासादाकरितां एक प्रचंड शालवृक्ष हवा असतो. त्या वृक्षाची देवता रात्रीं राजाकडे येऊन एवढेंच मागते कीं, मला तोडावयाचेंच असेल तर शेंड्यापासून तुकडे तुकडे करून तोडा. बुंध्याशीं तोडल्यास मी कोसळतांना माझ्या छायेंत वाढलेलीं लहान झाडें चिरडून जातील. राजा हें ऐकून वृक्षाला अभय देतो. भारहूतच्या स्तूपाच्या कठड्यावर झाडाला बिलगून उभ्या असलेल्या यक्षी ह्याच कुळांतील. रोमन ग्रंथकार केटो ह्यानें तर शेतीवरील आपल्या पुस्तकांत उपवनांतील झाडें विरळ करण्यापूर्वीं डुकराचा बळी देण्याचा विधि लिहून ठेविला आहे. आणि तेथील देवता पुरुष कीं स्त्री हें ठाऊक नसलें तरी प्रार्थना कशी करावी, हेंही सांगितलें आहे.

ह्या शेवटच्या विधीचें सख्खें भावंड आमच्या सह्याद्रींत आहे. देवराईंतील देव बहुधा अनघड पाषाण असतो. रवळनाथ, भैरी, वाघजाई, म्हसोबा, वेताळ अशीं त्यांचीं नांवें. सातेरी तर कित्येक ठिकाणीं मातीचें वारूळच असते. डोक्यावर छप्पर नाहीं, पाऊस अंगावर घ्यावयाचा, अशी त्यांतल्या पुष्कळांची रीत. राखणदार रात्रीं शिवेवरून फिरतो अशी समजूत असून, तळकोंकणांत फिरून फिरून वेताळाच्या वहाणा झिजतात म्हणून त्याला नव्या वहाणा वाहण्याची चाल आहे. राईंतील हिरवें लांकूड तर राहोच, वाळलेली काटकीही घरीं न्यावयाची नाहीं. नेली तर गुरें दगावतील, घरांत दुखणें येईल, असा धाक. पण हा धाक आंधळा नव्हता. देवळाच्या कामासाठीं किंवा गांवावर संकट आल्यास लांकूड हवें असेल, तर गुरव देवाला कौल लावी. पाषाणाला ओल्या पाकळ्या वा तांदुळाचे दाणे चिकटवावयाचे, गाऱ्हाणें घालावयाचें आणि उजवा कौल पडतो कीं डावा हें सर्वांनीं मिळून पाहावयाचें. मागणी चारचौघांत उघड करावी लागे. आणि ज्या मागणीची लाज वाटते ती चारचौघांत कोण करील?

आमच्या मतें ह्या संस्थेचें मर्म येथेंच आहे. राखणदार हें गांवानें स्वतःवर घालून घेतलेल्या कायद्याचें नांव होतें. ह्या कायद्याला शिपाई लागला नाहीं, कचेरी लागली नाहीं. आणि त्याचें फळ डोळ्यांना दिसतें. भोंवतालचा डोंगर उघडा पडला असतां राईंत जांभूळ, हिरडा, बेहडा, सातवीण ह्यांचे जुने वृक्ष उभे असतात; गारंबीच्या मांडीएवढ्या जाड वेली त्यांवरून लोंबतात आणि त्यांना तीन-चार फूट लांबीच्या शेंगा धरतात. खालीं पाचोळ्याचा जाड थर कुजत पडलेला असतो. पावसाचें पाणी त्या थरांत मुरतें, मुळांच्या वाटेनें खडकांत उतरतें आणि वैशाखांतही झऱ्याच्या रूपानें बाहेर येतें. पाचोळा उचलूं नये हा नियम करणाराला हें शास्त्र ह्या शब्दांत ठाऊक नसेल; पण झरा कोठें आटतो आणि कोठें आटत नाहीं हें त्यानें पिढ्यान् पिढ्या पाहिलें होतें.

पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ ह्यांनीं १९७० नंतरच्या दशकांत महाराष्ट्रांतील देवराया हिंडून पाहिल्या व त्यांविषयीं लिहिलें, तेव्हां कोठें आम्हां शिकलेल्यांचें तिकडे लक्ष गेलें. ह्या कामाच्या आरंभींची एक हकीकत बोलकी आहे. श्रीवर्धन तालुक्यांतील गाणी ह्या गांवची देवराई तोडली जाण्याचा प्रसंग आला, तेव्हां ती वांचवावी म्हणून गांवकऱ्यांनींच शास्त्रज्ञांकडे धांव घेतली. आणि कारण सांगितलें तें देवाच्या कोपाचें नव्हे, तर राईंतून वाहणाऱ्या ओढ्याचें! आजऱ्याकडे वाहत येणाऱ्या आमच्या हिरण्यकेशीचें उदाहरण तर आणखी जवळचें. आंबोलीस तिच्या उगमापाशीं महादेवाच्या कुंडांत राहणारी एक लहान मासोळी २०२० सालीं शास्त्राला नवीन म्हणून नोंदली गेली, आणि नदीचेंच नांव तिला मिळालें. २०२१ सालीं त्या जागेला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. देवाच्या कुंडांत मासे मारावयाचे नाहींत ह्या जुन्या संकोचाचा तिच्या वांचण्यांत वांटा नसेल, असें कोण म्हणेल?

एवढ्यावरून जुनें तें सर्व सोनें असें आमचें म्हणणें आहे, असें कोणी समजूं नये. भय हें शस्त्र दुधारी असतें. ज्या भयानें झाड राखिलें त्याच भयानें कित्येक ठिकाणीं स्त्रियांना राईच्या बाहेर ठेविलें, अस्पृश्य मानिलेल्यांना शिवेवर थांबविलें आणि आजारी माणसाला वैद्याऐवजीं भगताकडे पाठविलें. हें भय जावें म्हणून ज्यांनीं आयुष्य वेंचिलें त्यांचें ऋण आम्ही मानतों. आमची तक्रार एवढीच कीं, आम्हीं भुतास हुसकून लाविलें, पण भूत जें राखीत होतें तें कोण राखणार, हा प्रश्न स्वतःस विचारिला नाहीं.

तो प्रश्न न विचारल्यास काय होतें हें 'तापू'च्या माहेरींच पाहावयास मिळतें. हवाई बेटांत त्या शब्दाचें रूप 'कपू' असें होतें. तेथील चंदन परदेशीं व्यापाऱ्यांना विकलें जाऊं लागलें, तेव्हां पहिल्या कामेहामेहा राजानें कोंवळ्या झाडांवर कपू घातला. १८१९ सालीं तो वारला आणि त्याच वर्षीं कपूची सारी जुनी व्यवस्था मोडण्यांत आली. तिच्यांतील कित्येक बंधनें जुलमी होतीं, तीं गेलीं हें बरेंच झालें. पण झाडांवरील बंधनही टिकलें नाहीं. सरदारांनीं रयतेला राबवून चंदन तोडविलें आणि थोड्याच दशकांत त्या बेटांवरील चंदनाचा व्यापार चंदनाअभावीं संपला.

आमच्याकडेही राखणदार बदलत गेले. इंग्रजी मुलखांत १८७८ च्या जंगल कायद्यानें वनांचे राखीव, संरक्षित व ग्रामवन असे तीन वर्ग केले. देवाच्या राईला त्यांत निराळें घर नव्हतें. हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक ब्रँडिस ह्यांना मात्र अशा राया बहुतेक सर्व प्रांतांत आढळल्या होत्या, आणि त्या पूर्वीं पुष्कळच असल्याचें त्यांनीं नमूद केलें आहे. कोल्हापूर संस्थानांत दाजीपूरचें रान राजाच्या शिकारीसाठीं राखलेलें होतें. १९४९ सालीं संस्थान विलीन झालें. १९५८ सालीं तें रान गव्यांचें अभयारण्य झालें. १९८५ सालीं त्याचा विस्तार होऊन राधानगरी अभयारण्य बनलें. आणि २०१२ सालीं पश्चिम घाटाच्या जागतिक वारशांत त्याचा समावेश झाला. देव, राजा आणि सरकार असे तीन राखणदार ह्या भूमीनें पाहिले. लहान देवरायांचें दैव मात्र इतकें थोर नाहीं. कित्येकींवर आज सर्वांत मोठें संकट येतें तें भक्तांकडूनच. मुंबईस नोकरीला गेलेलीं मुलें वर्गणी पाठवितात. उघड्यावर बसलेल्या देवाला सिमेंटचें देऊळ, फरशी आणि सभामंडप होतो. आणि त्या जागेसाठीं देवाचींच झाडें पडतात. देवावरील भक्ति वाढली, राईवरील भक्ति सरली!

मग आतां कौल कोणाला लावावयाचा? ह्याचें उत्तर आमच्याच जिल्ह्यांत तीनशें वर्षांपूर्वीं लिहिलें गेलें आहे. बावड्याचे रामचंद्रपंत अमात्य ह्यांच्या नांवें प्रसिद्ध असलेलें 'आज्ञापत्र' १७१५ च्या सुमाराचें. त्यांत आरमाराच्या लांकडाचें प्रकरण आहे. आंबा, फणस हीं झाडेंही आरमाराच्या उपयोगाचीं. पण त्यांस हात लावूं नये, असें तेथें बजाविलें आहे. कां, तर हीं झाडें वर्षा-दोन वर्षांनीं होत नाहींत. रयतेनें तीं पोटच्या लेकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात, आणि तीं तोडल्यास तिच्या दुःखाला पार राहणार नाहीं. एखादें झाड जीर्ण झालें असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावें; बलात्कार सर्वथा करूं नये. येथें भूत नाहीं, कोप नाहीं. न्यायबुद्धि आणि काळाचें भान आहे. राज्याच्या निकडीपुढेंही झाडाचें वय मोजणारा हा पुरुष आमच्या लेखीं राखणदारच होय.

२००२ च्या जैवविविधता कायद्याच्या ३७ व्या कलमानें वारसास्थळें जाहीर करण्याची सोय झाली आहे. त्यासाठीं मागणी करणारा गांव मात्र हवा. आणि गांवानें मागणी करावी ह्यासाठीं राईंत काय आहे हें गांवच्या मुलांना ठाऊक असावें लागेल.

म्हणून त्या मुलाला आम्हीं अखेर एवढेंच सांगितलें कीं, असा देव असतो, पण तो झाडें वाढवीत नाहीं. झाडें आपणहून वाढतात. मनुष्याचा हात आवरून धरणें एवढेंच त्याचें काम. तें काम आतां त्याच्या एकट्याच्यानें होत नाहीं. येत्या रविवारीं त्याला घेऊन आजऱ्याकडील एका राईंत जावयाचें ठरलें आहे. खेळाचें यंत्र घरीं ठेवण्याचें त्यानें कबूल केलें आहे.