उत्तर प्रदेशात करमाफ झालेली हायब्रिड गाडी जुन्नरला आणली तर काय होतं?

डिंगोरे हे जुन्नर तालुक्यातलं गाव. कल्याण-नगर महामार्गावर, ओतूर आणि माळशेज घाटाच्या दरम्यान. या पट्ट्यातली बरीच माणसं मुंबई-ठाण्यात नोकरी-धंद्याला गेली, आणि चाकणच्या कारखान्यांमुळे आता कंपनी बदली करेल त्या राज्यातही जातात. परत येताना सामान ट्रकमध्ये येतं, गाडी मात्र स्वतः चालवत आणली जाते. तिच्या नंबर प्लेटवर दुसऱ्या राज्याची अक्षरं असतात आणि प्रश्न तिथूनच सुरू होतात.

समजा, डिंगोऱ्याच्या एका नोकरदाराने नोएडात असताना २०२४ च्या दिवाळीत १८ लाखांची स्ट्राँग हायब्रिड गाडी घेतली. उत्तर प्रदेश सरकारने ५ जुलै २०२४ च्या आदेशाने स्ट्राँग हायब्रिड आणि प्लग-इन हायब्रिड गाड्यांचा नोंदणी कर पूर्ण माफ केला होता. तिथे १० लाखांवरच्या गाडीला १० टक्के कर होता, म्हणजे त्याचे १ लाख ८० हजार वाचले. दोन वर्षांनी नोकरी सोडून तो गावी शेती करायला आला. आता महाराष्ट्रात त्याला कर भरावा लागेल का?

लागेल. उत्तर प्रदेशातली माफी इथे चालत नाही.

माफी गाडीला नसते, राज्यापुरती असते

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत वाहनांवरचा कर हा राज्य सूचीतला विषय आहे, नोंद क्रमांक ५७. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आणि देशभर एकच, पण कर किती आणि कुणाला माफ हे प्रत्येक राज्य स्वतः ठरवतं. महाराष्ट्राचा मोटार वाहन कर कायदा १९५८ सालचा आहे. राज्यात वापरल्या जाणाऱ्या किंवा वापरासाठी ठेवलेल्या वाहनावर तो कर लावतो. गाडी आधी कुठे नोंदली होती आणि तिथे तिला काय सूट मिळाली होती, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

चंदीगडनेही २०२२ च्या ईव्ही धोरणाखाली स्ट्राँग हायब्रिडला रोड टॅक्समधून सूट दिली. महाराष्ट्राने तसं केलं नाही. इथे हायब्रिड गाडी कराच्या हिशेबात साधी पेट्रोल गाडीच असते: १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाख १२ टक्के, त्यापुढे १३ टक्के. कंपनीच्या नावावरची किंवा आयात केलेली गाडी असेल तर थेट २० टक्के. याउलट सीएनजी गाडीचा कर १ जुलै २०२५ पासून एक टक्क्याने वाढूनही ८ ते १० टक्क्यांतच आहे. म्हणजे कराच्या बाबतीत हायब्रिडपेक्षा सीएनजीवाला फायद्यात राहतो, हे ऐकून अनेकांना धक्का बसतो. टोयोटाने ३१ जुलै २०२४ ला छत्रपती संभाजीनगरजवळच्या बिडकीनमध्ये इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांच्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी करार केला, तरी ग्राहकाच्या करात फरक पडलेला नाही.

राज्याच्या सवलती आहेत त्या इलेक्ट्रिक गाड्यांना. अटल सेतू, मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धी महामार्गावरची ऑगस्ट २०२५ पासूनची टोलमाफीही फक्त इलेक्ट्रिक गाड्यांना आहे. हायब्रिडला हिरवी नंबर प्लेट मिळत नाही, पांढरीच असते; टोलनाक्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

हायब्रिड म्हणजे नेमकी कोणती?

इथे घोळ होतो. माइल्ड हायब्रिडमध्ये छोटी मोटर इंजिनाला हातभार लावते, ती एकटी गाडी चालवत नाही. स्ट्राँग हायब्रिड काही अंतर फक्त मोटरवर जाते आणि बॅटरी चालताना स्वतःच चार्ज करते. प्लग-इन हायब्रिडला चार्जरही लावता येतो. उत्तर प्रदेशची माफी शेवटच्या दोन प्रकारांना होती, माइल्डला नाही. ग्रँड विटारा आणि हायरायडर या गाड्या माइल्ड आणि स्ट्राँग दोन्ही प्रकारांत मिळतात, त्यामुळे नुसत्या नावावरून काही कळत नाही. आरसीवर इंधनाच्या रकान्यात काय लिहिलंय ते पाहावं. तिथे 'पेट्रोल/हायब्रिड' असेल आणि विक्रेता 'स्ट्राँग' म्हणत असेल, तर गाडी घेण्याआधीच विचारलेलं बरं.

मग किती भरायचे?

आपल्या उदाहरणातली गाडी पुण्यात नवीन घेतली असती तर १२ टक्क्यांनी २ लाख १६ हजार कर लागला असता. दोन वर्षं जुनी गाडी आणल्यावर मूळ किमतीवरचा कर धरून, पहिल्या नोंदणीपासूनच्या वयाप्रमाणे तो कमी केला जातो. पण दोन वर्षांत फारसा कमी होत नाही. म्हणजे नोएडात वाचलेले पैसे, थोडे वरखाली होऊन, इथे जातात. उत्तर प्रदेशकडून परतावाही मिळत नाही, कारण तिथे काही भरलेलंच नाही.

बंगळूरुहून येणाऱ्याचं गणित वेगळं आहे. कर्नाटकात १० ते २० लाखांच्या गाडीला १७ टक्के आजीवन कर आहे, शिवाय उपकर. १८ लाखांच्या गाडीला ३ लाख ६ हजारांहून जास्त. त्याला महाराष्ट्रात कर भरावा लागतोच, पण उरलेल्या वर्षांचा कर कर्नाटकाकडून परत मागता येतो. अडचण क्रमाची आहे: आधी इथे भरा, नवा नंबर घ्या, मग नव्या आरसीची आणि इथल्या कराच्या पावतीची प्रत जोडून जुन्या राज्यात अर्ज करा. तोवर दोन्ही राज्यांचे पैसे खिशातून गेलेले असतात. हा परतावा आपोआप येत नाही. बरेच जण अर्जच करत नाहीत आणि लाखभर रुपयांवर पाणी सोडतात.

जीएसटी मात्र पुन्हा लागत नाही. तो खरेदीच्या वेळी एकदाच. पूर्वी महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने बाहेरून आणलेल्या नव्या गाड्यांवर वेगळा प्रवेश करही होता. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर तो गेला.

बारा महिन्यांचा नियम

मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. गणपतीला किंवा दिवाळीला महिनाभर गाडी घेऊन आलेल्याला त्याची गरज नाही. पण '१२ महिने झाले नाहीत' हे दाखवायची वेळ आली तर पुरावा हवा. फास्टॅगचा हिशेब त्यासाठी उपयोगी पडतो, आणि तो दुधारी आहे: पुणे-नाशिक रस्त्यावरचा चाळकवाडीचा टोलनाका दर आठवड्याला ओलांडत असाल, तर 'गाडी कालच आणली' म्हणता येणार नाही.

मुंबईहून किंवा पुण्याहून डिंगोऱ्याला राहायला आलात तर यातलं काहीच लागत नाही. राज्य तेच, त्यामुळे कर नाही आणि नंबरही बदलायचा नाही. फक्त ३० दिवसांत आरसीवरचा पत्ता बदलून घ्यायचा. एमएच-४३ ची गाडी जुन्नरमध्ये वर्षानुवर्षं चालली तरी नंबरामुळे कुणी अडवू शकत नाही.

परराज्यातून येणाऱ्याने मूळ आरटीओकडून ना हरकत प्रमाणपत्र आणायचं असतं, तो नमुना २८. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमती त्याआधी. अर्ज 'परिवहन' पोर्टलवर होतो. त्या कार्यालयाने ३० दिवसांत नकार कळवला नाही तर प्रमाणपत्र दिल्याचं मानलं जातं, अशी कलम ४८ मध्ये तरतूद आहे. प्रत्यक्षात कागद हातात नसला तर पुढचं काम अडतं, म्हणून गाव सोडण्याआधीच तो घ्यावा. नोएडाचा कागद डिंगोऱ्यात बसून मिळवणं म्हणजे डोकेदुखी.

जुन्नर तालुका पिंपरी-चिंचवड आरटीओच्या हद्दीत येतो, म्हणून इथल्या गाड्यांवर एमएच-१४ दिसतं. तिथे नमुना २७ चा अर्ज, आरसी, विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा आणि गाडीची तपासणी. गाडी घेऊन जावं लागतं आणि दिवस मोडतो. कर भरल्यावर नवा नंबर मिळतो.

बीएच नंबर कुणाला परवडतो

सारखी बदली होणाऱ्यांसाठी केंद्राने १५ सप्टेंबर २०२१ पासून बीएच मालिका सुरू केली. केंद्र-राज्य सरकारी कर्मचारी, संरक्षण दल, सार्वजनिक उपक्रम, आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी ती घेऊ शकतात. कर एकदम १५ वर्षांचा नसतो, दोन-दोन वर्षांचा भरायचा. राज्य बदललं तरी नंबर तोच. दर १० लाखांखाली ८ टक्के, २० लाखांपर्यंत १० आणि त्यापुढे १२ टक्के, तेही जीएसटी वगळून. इलेक्ट्रिकला दोन टक्के सूट आहे, हायब्रिडला इथेही नाही. डिसेंबर २०२२ पासून साध्या नंबरची गाडीही बीएचमध्ये नेता येते.

चाकणच्या मोठ्या कंपनीतल्या माणसाला हे सोयीचं आहे. पण नोकरी सोडून द्राक्षबाग करायला आलेल्या माणसाला तो नंबर नव्याने मिळत नाही. आपल्या उदाहरणातल्या मालकाने नोकरीत असतानाच बीएच घेतला असता तर प्रश्न आला नसता. पण तेव्हा शून्य कर समोर दिसत असताना दोन वर्षांचा कर भरायला कोण तयार होईल?

जे सोबत येतं

केंद्राने दिलेलं तेवढंच राज्य बदलूनही टिकतं. जून २०२२ पासून हायब्रिड गाडीच्या थर्ड पार्टी विम्यात साडेसात टक्के सूट आहे, ती डिंगोऱ्यातही लागू राहते. इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जावरच्या व्याजाची आयकर सवलत, कलम ८० ईईबीची, हायब्रिडला कधीच नव्हती, त्यामुळे ती गमावण्याचा प्रश्न नाही.

नवा नंबर हातात आल्यावर विमा पॉलिसीवर तो लगेच चढवून घ्यावा. अपघात झाला आणि पॉलिसीवर यूपीचा नंबर, आरसीवर एमएच-१४, तर दाव्याच्या वेळी कंपनीला खुलासे देत बसावं लागतं. पुण्याचा विमा झोन वेगळा असल्याने पत्ता बदलल्यावर प्रीमियमही बदलू शकतो. फास्टॅगचंही तसंच: तो जुन्या नंबरला जोडलेला असतो, बँकेकडून बदलून घेईपर्यंत चाळकवाडीला अडकायला नको.