शिवाजी गणेशन् आणि तमिळ पडद्यावरील गद्य

‘अतिअभिनय’ हा शब्द आपल्या समीक्षेत बहुधा निकालपत्रासारखा वापरला जातो. तो उच्चारला की पुढे काही सांगण्याची गरज उरत नाही. शिवाजी गणेशन् (१९२८-२००१) यांच्याविषयी तमिळनाडूबाहेर जे काही बोलले गेले, त्यातील बरेचसे या एका शब्दापाशी येऊन थांबते. थरथरणारे ओठ, विस्फारलेले डोळे, खर्जातून टिपेला जाणारा आवाज, एकेका शब्दाला स्वतंत्र हावभाव : वास्तववादी अभिनयाच्या मोजपट्टीने हे सारे अतिरेकीच ठरणार. उलटपक्षी तमिळ रसिकांनी त्यांना ‘नडिगर तिलगम’, म्हणजे नटांमधील तिलक, ठरविले आणि तो विषय संपविला. एक निंदेने थांबतो, दुसरा स्तुतीने. ही शैली नेमक्या कोणत्या भाषिक गरजेतून उद्भवली आणि ती गरज सरल्यावर तिचे काय झाले, हा प्रश्न दोहोंनाही पडलेला दिसत नाही.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, ही कारकीर्द अभिनयाच्या इतिहासाइतकीच तमिळ गद्याच्या इतिहासातही वाचावी लागते. लिखित, संस्कारित तमिळ भाषेला देह आणि आवाज मिळवून देणे हे या नटाचे ऐतिहासिक कार्य होते. त्याचे यश त्यातून आले आणि, माझ्या मते, त्याचे राजकीय अपयशही.

प्रारंभ नावापासून करणे मराठी वाचकाच्या दृष्टीने अपरिहार्य आहे. विळुप्पुरम् येथे जन्मलेल्या व्ही. सी. गणेशन् यांचा शिवछत्रपतींशी कुळाने वा भाषेने कसलाही संबंध नव्हता. विळुप्पुरम् हे जिंजीच्या परिसरातील गाव, आणि जिंजीचा किल्ला महाराजांनी १६७७ मध्ये घेतला, हा योगायोग तेवढा नोंदवून ठेवू. हे नाव नाटकातून आले. सी. एन. अण्णादुराई यांनी ‘शिवाजी कण्ड इंदु राज्यम्’ हे नाटक लिहिले. १९४५-४६ च्या सुमारास झालेल्या त्याच्या प्रयोगात विशीही न गाठलेल्या गणेशन् यांनी शिवाजीची भूमिका केली. गागाभट्टाच्या भूमिकेत स्वतः अण्णादुराई होते. प्रयोग पाहून पेरियार ई. व्ही. रामसामी यांनी या तरुण नटाला ‘शिवाजी’ म्हटले आणि ते नाव आयुष्यभर चिकटले.

या प्रसंगाचा उल्लेख आपल्याकडे झालाच तर तो अभिमानाने होतो. परंतु अण्णादुराईंच्या नाटकाचा विषय शिवाजीचा पराक्रम हा नव्हे. पराक्रमाने राज्य मिळविलेल्या शूद्र राजाला अभिषेकासाठी पुरोहिताच्या संमतीची वाट का पाहावी लागते, हा आहे. म्हणजे ज्या प्रश्नाला जोतीराव फुल्यांनी १८६९ च्या पवाड्यात वाट करून दिली आणि जो १८९९ पासून कोल्हापुरात वेदोक्त प्रकरणाच्या रूपाने उभा राहिला, तोच प्रश्न मद्रासच्या रंगभूमीवर ब्राह्मणेतर चळवळीचे रूपक होऊन आला. ‘शिवाजी’ हे चिन्ह येथे आपल्या परिचित अर्थव्यूहातून बाहेर पडून दुसऱ्या व्यूहात शिरले आहे. नटाला मिळालेले नाव हे त्या दुसऱ्या व्यूहातले आहे, हे विसरून चालणार नाही.

गणेशन् यांचे शिक्षण शाळेत जवळजवळ झालेच नाही. लहानपणी कट्टबोम्मनवरील लोकनाट्य पाहिले आणि नाटकाचे वेड लागले, असे त्यांनी सांगून ठेवले आहे. लवकरच ते घर सोडून मुलांच्या फिरत्या नाटक मंडळीत दाखल झाले. तमिळनाडूत अशा मंडळ्यांना ‘बॉइज कंपनी’ म्हणत. आपल्याकडील ‘बालमोहन’ आठवली की त्या संस्थेची साधारण कल्पना येईल. तेथे गाणे, नाच, स्त्रीभूमिका आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाठांतर यांचे कठोर शिक्षण मिळे. लिखित तमिळ आणि बोलीतील तमिळ यांतील अंतर मराठीपेक्षा कितीतरी मोठे आहे. ते अंतर या मुलाने पुस्तकाच्या नव्हे, कानाच्या वाटेने ओलांडले. संहिता त्याच्यासाठी वाचावयाची वस्तू नव्हती, म्हणावयाची होती.

तत्कालीन तमिळ चित्रपट मात्र गाण्याच्या आधारे उभा होता. एम. के. त्यागराज भागवतर आणि पी. यू. चिन्नप्पा हे त्याचे नायक. १९४४ चा ‘हरिदास’ मद्रासच्या एकाच चित्रगृहात तीन दिवाळ्या चालला. बालगंधर्वांच्या पदांना मिळणाऱ्या ‘वन्समोअर’च्या कथा ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला याचे नवल वाटणार नाही. मात्र त्याच वर्षाच्या अखेरीस भागवतर एका खून खटल्यात अटकेत गेले, १९५१ मध्ये चिन्नप्पा वारले. दरम्यान पार्श्वगायनाने नट आणि गायक यांची फारकत केली होती. नायकाला गाता येण्याची अट संपली, तेव्हा त्याने काय करावे हा प्रश्न उरला. द्रविड चळवळीच्या लेखकांनी त्याचे उत्तर दिले : त्याने बोलावे. अण्णादुराईंचा ‘वेलैक्कारी’ (१९४९), मु. करुणानिधींचा ‘मंदिरी कुमारी’ (१९५०) या चित्रपटांतून संवाद हे चित्रपटाचे प्रमुख आकर्षण बनू लागले.

हे गद्य कसले होते? बर्नार्ड बेट या अभ्यासकाने दाखवून दिले आहे की, शुद्ध साहित्यिक तमिळमध्ये जाहीर भाषण करण्याची प्रथा प्राचीन नाही. द्रविड चळवळीच्या वक्त्यांनी ती विसाव्या शतकात घडविली. तमिळ पद्यातील ‘मोनै’ म्हणजे आद्यानुप्रास आणि ‘एदुगै’ म्हणजे चरणारंभी दुसऱ्या अक्षराचे यमक. ही पद्याची आभूषणे गद्य वाक्यांना चढविली गेली, समांतर वाक्यखंडांच्या उतरंडी रचल्या गेल्या. प्राचीनतेचा आभास निर्माण करणारे हे सर्वस्वी आधुनिक गद्य होते. त्याची अडचण एकच होती : ते कोणीही घरी बोलत नव्हते. व्यासपीठावर ते शोभे. पडद्यावर आई, बहीण, भाऊ यांच्या तोंडी ते विश्वसनीय कसे व्हावे?

‘पराशक्ति’ हे या प्रश्नाचे उत्तर ठरले. कृष्णन्-पंजू यांनी दिग्दर्शित केलेला आणि करुणानिधींच्या संवादांचा हा चित्रपट १९५२ च्या दिवाळीत प्रदर्शित झाला. निर्मितीतील भागीदार ए. व्ही. मेय्यप्पन यांना हा कृश, नवखा नायक पसंत नव्हता, पी. ए. पेरुमाळ यांनी आग्रह धरला म्हणून तो टिकला. कथा साधी आहे. महायुद्धाच्या काळात रंगूनहून परतणारा गुणशेखरन् मद्रासमध्ये लुबाडला जातो. त्याची विधवा बहीण कल्याणी तान्ह्या मुलासह दारोदार फिरते. मंदिराचा पुजारी तिच्यावर हात टाकतो, ती मुलाला नदीत टाकते आणि आरोपी म्हणून न्यायालयात उभी राहते. न्यायासनावर तिचा थोरला भाऊच असतो. पुजाऱ्यावर हल्ला केल्याबद्दल गुणशेखरन्‌लाही तेथेच आणले जाते.

न्यायालयातील त्याचे दीर्घ भाषण हा चित्रपटाचा गाभा. येथे कॅमेऱ्याला फारसे काम नाही. आरोपी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहून वक्ता होतो, न्यायाधीश श्रोता होतो आणि न्यायालयाचे रूपांतर सभेत होते. भाषणाची सुरुवात संथ, जवळजवळ औपचारिक लयीत आहे. मग एकेक प्रश्न, त्याला समांतर दुसरा, प्रत्येकाच्या शेवटी आवाज एक पायरी वर. गणेशन् हे सारे बोलीच्या सहजतेने म्हणण्याचा प्रयत्नही करीत नाहीत. वाक्याची कृत्रिम बांधणी ते लपवीत नाहीत, उघडी करतात. अनुप्रासाच्या प्रत्येक आघाताला भुवई, मान वा हात यांची साथ देतात. ज्याला आपण अतिअभिनय म्हणतो, तो येथे वाक्यरचनेचा दृश्य आलेख आहे. बहुसंख्य निरक्षर असलेल्या प्रेक्षकवर्गाला साहित्यिक भाषेचे व्याकरण डोळ्यांनी कळावे, अशी ही व्यवस्था होती. संवादांच्या पुस्तिका आणि ध्वनिमुद्रिका खपल्या, पोरांनी ते भाषण मुखोद्गत केले. चित्रपटावर बंदी घालावी अशी मागणी झाली, एम. एस. एस. पांडियन यांनी या वादाचा जो अभ्यास केला आहे, तो या विषयावरील उत्तम लेखनापैकी एक होय.

ही शैली म्हणजे नटाची मर्यादा नव्हती, निवड होती, याचा पुरावा १९५४ हे वर्ष देते. त्या वर्षी ‘मनोहरा’मध्ये साखळदंडांनी बांधलेला राजपुत्र गर्जत दरबारात येतो, आणि त्याच वर्षी एस. बालचंदर यांच्या ‘अंद नाळ’ या गीतविरहित चित्रपटात तोच नट शांत, तुटक बोलणारा देशद्रोही रेडिओ अभियंता उभा करतो. समीक्षकांनी या दोन चित्रपटांचा एकत्र विचार सहसा केलेला नाही.

पुढे नटाची आणि चळवळीची फारकत झाली. १९५०च्या दशकाच्या मध्यास गणेशन् तिरुपतीला दर्शनाला जाऊन आले. नास्तिकतेच्या वातावरणात वाढलेल्या द्रविड मुन्नेत्र कळघमच्या कार्यकर्त्यांनी त्यांची निर्भर्त्सना केली आणि ते पक्षापासून दूर झाले. कालांतराने काँग्रेसच्या, विशेषतः कामराजांच्या, बाजूला गेले. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की पक्ष सुटला तरी पक्षाने घडविलेली भाषा त्यांच्या कंठातून सुटली नाही. ‘वीरपांडिय कट्टबोम्मन’ (१९५९) मधील जॅक्सन या इंग्रज कलेक्टराशी होणारा सामना शक्ति कृष्णसामी यांच्या लेखणीतील असला, तरी त्याची घडण ‘पराशक्ति’चीच आहे. येथे एक मौज आहे. इतिहासातील कट्टबोम्मन तेलुगुभाषक नायक्कर समाजातला पाळेगार. पडद्यावर मात्र तो तमिळ अस्मितेचा कळस ठरावा अशा शुद्ध तमिळमध्ये कर नाकारतो, आणि ते कोणालाही खटकत नाही. या भूमिकेला १९६० मध्ये कैरोच्या आफ्रो-आशियाई महोत्सवात पुरस्कार मिळाला. याउलट टिळकांचे अनुयायी व्ही. ओ. चिदंबरम् पिळ्ळै यांच्यावरील ‘कप्पलोट्टिय तमिळन्’ (१९६१), ज्यात नटाने आवाज जाणीवपूर्वक आवरला आहे, व्यवसायात पडला.

विरोधाभासाचे टोक ‘तिरुविळैयाडल’ (१९६५) मध्ये दिसते. मंदिरातील पुजाऱ्यावर धावून जाणारा गुणशेखरन् आता साक्षात शिव झाला आहे. साहित्याच्या अभ्यासकाने या चित्रपटातील एक प्रसंग आवर्जून पाहावा. पांड्य राजाच्या मदुरैत कवींची सभा भरली आहे. शिवाने धरुमी नावाच्या गरीब कवीला रचून दिलेल्या कवितेत नक्कीरर हा पंडित दोष काढतो : स्त्रीच्या केसांना निसर्गतः सुगंध असतो काय? शिव स्वतः वादाला येतो, तिसरा डोळा उघडतो, तरी नक्कीरर दोष तो दोषच म्हणतो. समीक्षकाने ईश्वरापुढे न वाकण्याची ही कथा पुराणातील, दिग्दर्शक ए. पी. नागराजन यांनी नक्कीरर स्वतः साकारला. भक्तिपट म्हणून त्याकडे पाहणाऱ्यांच्या ध्यानात हे आले नाही की, या प्रसंगात द्रविड वक्तृत्वाची सर्व सामग्री जशीच्या तशी वापरली आहे. फक्त आता ती देवाच्याही मुखात आहे आणि त्याच्या प्रतिवाद्याच्याही. भाषा राजकीय पक्षाच्या मालकीची राहिली नव्हती. १९६७ च्या निवडणुकीत कळघम सत्तेवर आले, तोवर त्यांचे गद्य सर्वांचे झालेले होते.

‘नवरात्रि’ (१९६४) मधील नऊ भूमिका, ‘तिल्लाना मोहनांबाळ’ (१९६८) मधील नादस्वरवादक यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. सत्तरीच्या दशकातील बहुतेक चित्रपट मात्र जुन्या यशाच्या आवृत्त्या आहेत, आणि त्यांत शैली खरोखरच रीत झाली आहे. तेथे टीकाकारांचे म्हणणे मान्य करावे लागते. या काळात ‘शिवाजी’ची भूमिका दोनदा परतली. ‘रामन् एत्तनै रामनडि’ (१९७०) मध्ये ती नाटकातील नाटकाच्या रूपाने येते, आणि ‘भक्त तुकाराम’ (१९७३) या तेलुगु चित्रपटात अक्किनेनी नागेश्वरराव यांच्या तुकारामासमोर गणेशन् शिवाजी महाराज म्हणून उभे राहतात. अण्णादुराईंच्या नाटकातील अभिषेकाचा प्रश्न येथे मागमूसही न ठेवता नाहीसा झाला असून राजा संताच्या चरणी लीन आहे. मराठीत सुपरिचित असलेला अर्थव्यूह असा वळसा घेऊन त्याच नटापाशी पोचला.

एम. जी. रामचंद्रन यांच्याशी तुलना टाळता येत नाही. दोघे एकत्र आले ते ‘कूंडुक्किळि’ (१९५४) या एकाच, फसलेल्या चित्रपटात. रामचंद्रन १९७७ मध्ये मुख्यमंत्री झाले आणि मृत्यूपर्यंत प्रभावी राहिले. गणेशन् १९८२ मध्ये राज्यसभेवर गेले. १९८८ मध्ये त्यांनी स्वतःचा पक्ष काढला आणि १९८९ मध्ये तंजावर जिल्ह्यातील तिरुवैयारु येथे स्वतःच पराभूत झाले. याचे स्पष्टीकरण सामान्यतः संघटनेच्या अभावात शोधले जाते, आणि ते खोटे नाही. परंतु रामचंद्रन यांची प्रत्येक भूमिका एकाच प्रतिमेची पुनरुक्ती होती. नायक रिक्षावाला असो की कोळी, तो रामचंद्रनच असे, क्वचितच मरे. गणेशन् मात्र फासावर जात, बहिणीसाठी झुरून मरत, कर्ण होऊन बाणांनी विद्ध होत, खलनायक होत. त्यांच्या मुखातील शब्द हा सदैव कोणा लेखकाचा आणि कोणा पात्राचा शब्द होता, आणि प्रेक्षकांना ते पक्के ठाऊक होते. त्यांनी त्यांच्यासाठी अश्रू ढाळले. मत देताना मात्र बोलणारा कोण हे त्यांना ठरविता आले नसावे. परक्या संहितेला पूर्ण देह देण्याची जी क्षमता, तीच येथे आड आली.

भारतीराजा यांच्या ‘मुदल मरियादै’ (१९८५) मध्ये या कारकीर्दीतील सर्वांत वेगळा प्रयोग आढळतो. नायक खेड्यातील प्रौढ, प्रतिष्ठित माणूस आहे. भाषा ग्रामीण बोली. दीर्घ भाषण कोठेही नाही. तमिळ चित्रपट एव्हाना चित्रीकरणमंदिरातून खेड्यात गेला होता आणि बोलीने साहित्यिक गद्याला पडद्यावरून हटविले होते. न्यायालयात गर्जलेला नट येथे अर्धे वाक्य टाकून नदीकडे पाहतो. ज्या प्रेक्षकाला ‘पराशक्ति’ मुखोद्गत होता, त्याला या मौनात न उच्चारलेली वाक्ये ऐकू येत होती. ज्याला तो ठाऊक नव्हता, त्याला केवळ एक संयत नट दिसला. ‘तेवर मगन’ (१९९२) मधील वृद्ध जमीनदाराच्या भूमिकेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षकांचे विशेष पारितोषिक जाहीर झाले. ते त्यांनी स्वीकारले नाही.