दाण्यांचा रंग

अनवाणी पायात काटा मोडतो, जखम बुजते, माणूस विसरूनही जातो. मग काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, तिथे न दुखणारी गाठ उठते. पाऊल सुजते, त्याला भोके पडतात आणि पुवाबरोबर खसखशीसारखे दाणे बाहेर येतात: कुणाचे काळे, कुणाचे पांढरट-पिवळे, क्वचित लाल. मदुराईच्या डॉक्टरांनी १८४०च्या दशकात नोंदवलेला हा रोग ‘मदुरा पाय’ म्हणून ओळखला गेला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी (‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’तली चित्रे यांचीच) १८६०च्या सुमारास त्याला ‘मायसेटोमा’, म्हणजे बुरशीची गाठ, असे नाव दिले. माझ्या मते निदानाची खरी किल्ली कार्टर यांच्या हाती लागली होती. पण त्यांनीच दिलेल्या नावाने ती झाकली गेली.

किल्ली म्हणजे दाण्यांचा रंग. काळ्या दाण्यांचा आणि फिकट दाण्यांचा असे दोन प्रकार कार्टर यांनी वेगळे काढले, मात्र दोन्ही बुरशीच्याच खात्यात टाकले. १८९४ मध्ये व्हिन्सेंट या फ्रेंच डॉक्टरांनी अल्जीरियातल्या रुग्णाच्या फिकट दाण्यांतून जो जीव वाढवला, तो आज अ‍ॅक्टिनोमड्युरा म्हणून ओळखला जातो आणि जिवाणूंत गणला जातो. म्हणजे ‘बुरशीच्या गाठी’तल्या कितीतरी गाठी बुरशीच्या नव्हत्याच. यावर कुणी म्हणेल, की जिवाणू रंगवून ओळखण्याची ग्रॅमची रंजनपद्धत १८८४ची, कार्टर यांनी जिवाणू ओळखावा तरी कसा? आक्षेप रास्त आहे. शिवाय हे जिवाणू बुरशीसारखेच फांद्या फुटलेले धागे करतात. फरक जाडीचा, आणि जिवाणूंचा एक मायक्रॉनहून बारीक धागा पाहून भले भले फसले. म्हणून दोष कार्टर यांच्या नजरेला देता येत नाही. जे दिसले ते त्यांनी प्रामाणिकपणे वेगवेगळे मांडले, म्हणूनच पुढच्यांना ते पुन्हा तपासता आले. अडचण केली ती नावाने, कारण नाव ऐकले की कारण कळल्यासारखे वाटते.

‘नावात काय आहे, पाय तर दोन्हींत कापावाच लागे,’ असेही म्हणता येईल. प्रतिजैविके नव्हती तोवर ते खरे होते. आज जिवाणूंची गाठ बहुतेक वेळा औषधांनी आटोक्यात येते. बुरशीची मात्र दीर्घकाळ बुरशीनाशके देऊनही अनेकदा शस्त्रक्रियेपर्यंत जाते. आणि रंगही पुरता विश्वासू नाही: काळा दाणा बुरशीचा, लाल जिवाणूचा, पण पांढरट दोघांचाही असू शकतो. तो दाणा काचपट्टीवर चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली धाग्याची जाडी पाहावीच लागते.