दगडातले शिंपले, नदीतले शिंपले

धंतोलीच्या उत्तरेला सीताबर्डीचा किल्ला आहे आणि मधून नाग नदी वाहते. १८१७च्या नोव्हेंबरात भोसल्यांची फौज आणि कंपनीचे सैन्य यांची लढाई याच टेकडीवर झाली, हे नागपुरात शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. टेकडीचे दुसरे महत्त्व त्यामानाने कमी लोकांना माहीत आहे. ती काळ्या पाषाणाची, म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेल्या बेसॉल्टची आहे. त्या पाषाणाच्या दोन थरांच्या मध्ये एक पातळ, वेगळ्याच जातीचा थर आहे. तो लाव्ह्याचा नाही, तर पाण्याखाली साचलेल्या गाळाचा आहे. भूशास्त्रात अशा थरांना अंतरा-ट्रॅपी थर म्हणतात. लाव्ह्याचा एक लोट येऊन थंड झाला, त्याच्यावर तळी-डबकी साचली, त्यांत जीव वाढले, आणि मग पुढच्या लोटाने सगळे झाकून टाकले. नागपूरच्या पश्चिमेला टाकळी आणि तेलंगखेडी, दक्षिणेला हिंगणघाट आणि चिकणी, अशा कितीतरी ठिकाणी हे थर उघडे पडलेले आहेत. त्यांत गोगलगायी सापडतात आणि शिंपलेही सापडतात.

हे शिंपले कोणते, या प्रश्नाचा पाठपुरावा नागपूरच्या परिसरात जवळजवळ दोनशे वर्षे चालू आहे. कुणाला वाटेल, शिंपला तो शिंपला, त्यात ओळखायचे काय? मराठीत आपण नदीतल्या, तळ्यातल्या आणि समुद्रातल्या कितीतरी वेगवेगळ्या प्राण्यांच्या कवचाला हा एकच शब्द वापरतो. पण शिंपला नेमका ओळखता आला, तर तो जिथे वाढला त्या पाण्याची हकीकत कळते. ते पाणी गोडे होते की खारे, वाहते होते की साचलेले, हे त्यावरून ताडता येते.

पहिला पाठपुरावा जॉन ग्रँट माल्कमसन या मद्रासच्या लष्करी डॉक्टराने केला. हिंगणघाट-चिकणी भागातून जाताना त्याने बेसॉल्टच्या प्रदेशातले जीवाश्म गोळा केले आणि ते लंडनला पोचवले. तिथे जेम्स डी कार्ल सॉवर्बीने त्यांची वर्णने लिहिली. ती १८४० मध्ये माल्कमसनच्या लेखाबरोबर छापली गेली. त्यातल्या शिंपल्याला नाव मिळाले ‘युनिओ डेक्कनेन्सिस’, म्हणजे दख्खनचा युनिओ. एका मोठ्या गोगलगायीला ‘फायसा प्रिन्सेपी’ हे नाव मिळाले. ब्राह्मी लिपी वाचणारा जेम्स प्रिन्सेप असा गोगलगायीच्या नावातही राहून गेला. माल्कमसन १८४४ मध्ये धुळ्याला तापाने वारला. त्याच वर्षाच्या शेवटी मुंबई बंदरात एक स्कॉटिश मिशनरी उतरला, आणि पुढच्या फेब्रुवारीत नागपूरला पोचला. त्याचे नाव स्टीफन हिस्लॉप.

नागपुरात हे नाव कॉलेजामुळे परिचित आहे. कॉलेज १८८३ मध्ये निघाले तेव्हा हिस्लॉपला जाऊन वीस वर्षे झाली होती. तो शिक्षक होता, धर्मप्रचारक होता, गोंडांच्या भाषेची आणि गाण्यांची टिपणे घेणारा होता. त्याच्या धर्मकार्याबद्दल आपापली मते असू शकतात. पण चालताना जमिनीकडे बघण्याची त्याची सवय नागपूरच्या फार उपयोगी पडली. सहकारी रॉबर्ट हंटर याच्याबरोबर त्याने टाकळीचे माळ पालथे घातले. दोघांचा नागपूर परिसराच्या भूशास्त्रावरचा लेख लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात १८५५ मध्ये आला. पाच वर्षांनी, १८६० मध्ये, हिस्लॉपने एकट्याने आणखी एक लेख लिहिला. त्यात अंतरा-ट्रॅपी थरांतल्या शंख-शिंपल्यांची एकेक करून वर्णने होती.

हे काम कसे होत होते हे लक्षात घेण्याजोगे आहे. नागपूरला रेल्वे १८६७ मध्ये आली. त्याआधी नमुन्यांची खोकी मुंबईपर्यंत जायची ती बैलगाडीने, आणि तिथून जहाजाने. लंडनमध्ये खोके उघडले की वाटणी व्हायची. भुंग्यांच्या पंखांची दगडात उमटलेली कवचे अँड्र्यू मरेकडे गेली, डोळ्यांना जेमतेम दिसणारे सायप्रिस टी. रूपर्ट जोन्सकडे. शंख-शिंपल्यांचे काम मात्र हिस्लॉपने स्वतः केले. ज्याने माळावरून दगड उचलला त्यानेच त्यातल्या जीवाला नाव दिले, असे त्या काळात हिंदुस्थानातल्या जीवाश्मांच्या बाबतीत क्वचितच घडत असे.

आता नावे पाहू. सॉवर्बीच्या युनिओ डेक्कनेन्सिसच्या जोडीला हिस्लॉपने आणखी पाच युनिओ उभे केले. ‘माल्कमसोनी’ आधीच्या शोधकाच्या नावाने. ‘हंटेरी’ जोडीदाराच्या नावाने. ‘कार्टेरी’ मुंबईच्या डॉ. हेन्री कार्टरच्या नावाने. ‘मॅमिलॅटस’ आणि ‘इंब्रिकॅटस’ ही दोन मात्र रूपावरून दिलेली आहेत. पहिल्याचा अर्थ बारीक उंचवटे असलेला, दुसऱ्याचा कौलांसारखे एकावर एक थर असलेला. गोगलगायींच्या नावांत तर नागपूरचा नकाशाच आहे : टाकलीएन्सिस, तेलंगखेडीच्या नावावरून केलेले एक, आणि नागपुरेन्सिस. इतर नावे लष्करी आणि मुलकी ओळखीच्या मंडळींची आहेत. उदाहरणार्थ, पुढे बंगळूरच्या तलावामुळे प्रसिद्ध झालेला सँकी. या इंग्रजी-स्कॉटिश नावांच्या रांगेत एक नाव वेगळे उभे आहे : ‘विरापाई’. हे विरापा या एतद्देशीय नावावरून केले आहे. माळावर दगड फोडणारे, खोकी भरणारे, कुठे काय सापडते हे सांगणारे कितीतरी हात या कामात असणार. शास्त्रीय नावाच्या रूपाने त्यांतला हा एक उरला आहे.

पण नाव देणे आणि ओळखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोड्या पाण्यातला शिंपला ओळखायचा तर तो उघडून आत बघावे लागते. दोन झडपा जिथे एकमेकींना जोडलेल्या असतात त्या बिजागरीजवळ दात असतात. पुढचे दात आखूड, मागचे लांब पट्टीसारखे. ते किती जाड, किती खाचांचे, यावर वंश ठरतो. मग आतले स्नायूंचे ठसे पाहायचे, मोतिया अस्तराचा रंग पाहायचा. बाहेरून पाहायचे ते बिजागरीजवळचे फुगीर टोक. शिंपला अगदी लहान असताना बनलेला तो भाग, आणि त्यावरची नक्षी जातीची खूण असते. शिंपला जुना झाला की हीच नक्षी आधी झिजते.

आपल्याकडच्या नद्यांत या पद्धतीने दोन वंश सहज वेगळे काढता येतात. ‘लॅमेलिडेन्स’ लांबट, पातळ, बाहेरून गुळगुळीत, काळपट तपकिरी असतो. त्याच्या नावाचाच अर्थ पट्टीसारखे दात असलेला. लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस ही त्यातली सर्वांत जास्त आढळणारी जात. गोड्या पाण्यातल्या मोत्यांच्या शेतीत तीच वापरतात. ‘पारेसिया’ त्यामानाने लहान, जाड, गोलसर असतो. त्याचे दात दणकट असतात आणि टोकाजवळ नागमोडी सुरकुत्या असतात. पारेसिया कॉरुगाटा या जातीच्या नावातही त्या सुरकुत्याच आहेत. काठावर एक रिकामी झडप सापडली तरी एवढे ओळखायला हाताशी फक्त उजेड आणि थोडा धीर लागतो.

दगडात ही सोय नसते. अंतरा-ट्रॅपी थरातले शिंपले बऱ्याचदा दोन्ही झडपा मिटलेल्या अवस्थेत चर्टसारख्या कठीण दगडात घट्ट बसलेले सापडतात. जोडी मिटलेली असणे ही एक प्रकारे चांगली खूण आहे. शिंपला मेल्यावर वाहत दूर गेला असता तर झडपा सुट्या झाल्या असत्या. म्हणजे तो तिथलाच रहिवासी. पण त्याच कारणाने बिजागरीचे दात दिसत नाहीत, आणि बाहेरच्या आकारावरून निवाडा करावा लागतो. आकार तर फसवा असतो. एकाच जातीचा शिंपला वाहत्या पाण्यात एका ठेवणीचा वाढतो आणि साचलेल्या पाण्यात दुसऱ्या. शिवाय एकोणिसाव्या शतकात ‘युनिओ’ हे नाव मोठ्या गाठोड्यासारखे होते. युरोपातला, अमेरिकेतला, हिंदुस्थानातला, कुठलाही गोड्या पाण्यातला जाड शिंपला त्यात जाई. विसाव्या शतकात बैनी प्रसाद आणि इतरांनी भारतीय शिंपल्यांची बिजागरी, कल्ले, पिल्ले यांचा अभ्यास करून ते गाठोडे सोडले. पुढे डीएनएच्या तपासणीने दाखवले की आपल्याकडचे लॅमेलिडेन्स आणि पारेसिया युरोपातल्या खऱ्या युनिओपेक्षा वेगळ्या शाखेचे आहेत. त्या शाखेतले त्यांचे काही भाऊबंद आफ्रिकेच्या नद्यांत आहेत. गोगलगायीचेही असेच झाले. १९२० मध्ये झूलॉजिकल सर्व्हेचा पहिला संचालक नेल्सन अनंडेल याने प्रिन्सेपच्या नावाची ती ‘फायसा’ तपासली आणि ती ‘बुलिनस’मध्ये घातली. आफ्रिकेत आजही नांदणारा तो वंश. त्यानंतरही तिचे घर बदलत राहिले आहे.

मग हिस्लॉपचे काय बरोबर आणि काय चुकले? मुख्य मुद्दा त्याने बरोबर धरला : हे थर गोड्या पाण्याचे आहेत. एवढ्या मोठ्या लाव्ह्याच्या प्रदेशात मधूनमधून जीवन चालू होते, हे या लहानशा कवचांनी सिद्ध केले. वय ठरवण्यासाठी त्याने फ्रान्समधल्या रिली इथल्या शंखांशी तुलना केली आणि थर इओसीन काळाच्या आरंभाचे ठरवले. आज किरणोत्सारी मापनाने दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा ठरतो, म्हणजे डायनोसॉर संपले त्या सुमाराचा. हिस्लॉपच्या मनात एक विशाल सरोवर होते. पुढच्या भूशास्त्रज्ञांना वेगवेगळ्या पातळ्यांवर असे अनेक थर सापडले आणि सरोवराच्या जागी लहान-लहान तळी आली. शिंपल्यांच्या आधारे काढलेला निष्कर्ष पाण्याच्या जातीबद्दल खरा ठरला, विस्ताराबद्दल मात्र ठरला नाही.

४ सप्टेंबर १८६३ रोजी हिस्लॉप टाकळघाटला होता. चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल याच्यासोबत तिथली शिळावर्तुळे उकरण्याचे काम चालले होते. रात्री घोड्यावरून बोरीच्या मुक्कामाला परतताना तो पुराने फुगलेल्या ओढ्यात वाहून गेला. शेहेचाळीस पुरी व्हायला चार दिवस उरले होते. त्याची गोंडांविषयीची टिपणे टेंपलने १८६६ मध्ये छापली.

शंख-शिंपल्यांच्या शोधात हिस्लॉप फक्त दगडांपाशी थांबला नव्हता. नागपूरच्या जिवंत तळ्यांतही तो बघत असे. तिथल्या एका सूक्ष्म, पाण्यातल्या वस्तूंवर पातळ साय धरावी तशा वसाहती करून राहणाऱ्या प्राण्याचे वर्णन कार्टरने १८५८ मध्ये केले आणि त्याला ‘हिस्लॉपिया लॅकस्ट्रिस’ म्हटले. दोघांनी असे एकमेकांच्या नावाचे जीव जगात सोडले. कार्टरच्या नावाचा शिंपला नामशेष झालेला, दगडातला आहे. हिस्लॉपच्या नावाचा प्राणी आजही जिवंत आहे आणि तो गोड्या पाण्यात राहतो.

इथे आपण पुन्हा नाग नदीपाशी येतो. ती लाव्हा पठाराच्या पाण्यावर अंबाझरीच्या बाजूने शहरात शिरते, धंतोलीजवळून पूर्वेला जाते, पुढे कन्हानला, कन्हान वैनगंगेला, आणि वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होऊन गोदावरीला. एका शिंपल्याच्या दृष्टीने ही सगळी एकच वाट आहे, पण ती त्याला माशाशिवाय पार करता येत नाही. शिंपल्याची मादी अंडी कल्ल्यांत सांभाळते. त्यातून निघालेली सूक्ष्म पिल्ले पाण्यात सुटली की त्यांना माशाच्या कल्ल्याला किंवा पराला चिकटावे लागते. काही काळ तिथे काढून ती तळाशी गळून पडतात आणि मग वर्षानुवर्षे एका जागी गाळात रुतून पाणी गाळत बसतात. म्हणून नदीत शिंपला आहे याचा अर्थ तिथे मासा आहे, तळ घट्ट आहे, आणि पाणी एखाद्या दिवसापुरते नाही तर सलग काही वर्षे बरे राहिले आहे.

नागाच्या पात्रातून आज शहराचे सांडपाणी वाहते. २३ सप्टेंबर २०२३च्या पुरात धंतोलीलगतचा पंचशील चौकातला पूल खचला, तेव्हा काही दिवस या नदीची आठवण सगळ्यांना झाली. नदी स्वच्छ करण्याची सुमारे १,९२७ कोटी रुपयांची योजना मंजूर आहे. काम कितपत झाले हे शुद्धीकरण केंद्रांच्या क्षमतेवरून आणि पाण्यातल्या प्राणवायूच्या आकड्यांवरून मोजले जाईल. तसेच मोजायला हवे. पण आकडे त्या दिवशीच्या बाटलीतल्या पाण्याचे असतात. शिंपल्याच्या कवचावर वाढीच्या रेषा असतात आणि त्या कैक ऋतूंचा हिशेब ठेवतात.

आणखी एक गोष्ट अडून राहिली आहे. दगडातला शिंपला ओळखायला शेवटी जिवंत शिंपलाच मोजपट्टी म्हणून लागतो. हंटेरी किंवा माल्कमसोनी खरोखर कुणाच्या कुळातले, हे ठरवताना आजच्या लॅमेलिडेन्सची, पारेसियाची बिजागरी शेजारी ठेवून पाहावी लागते. त्या जाती कुठल्या ओढ्यात आहेत आणि कुठून गेल्या, याची नोंद जितकी विरळ, तितके ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे पानही धूसर.

ही नोंद करायला प्रयोगशाळा लागत नाही. कन्हानच्या किंवा वैनगंगेच्या काठी रिकाम्या झडपा मिळतात. कुठल्या नदीत, कुठल्या गावाजवळ, कुठल्या तारखेला मिळाली हे कागदावर लिहून झडपेसोबत ठेवायचे. बाहेरून, आतून आणि बिजागरीचा जवळून, असे तीन फोटो काढायचे, शेजारी मोजपट्टी ठेवून. जिवंत शिंपला असेल तर फोटो काढून तो होता तसाच गाळात परत ठेवायचा. हिस्लॉपने टाकळीच्या माळावर केले ते याहून फार वेगळे नव्हते. फक्त त्याच्या खोक्याला लंडनला जावे लागले. आजची नोंद नागपुरातच राहू शकते.